हाच, आठ, आठ, हाच

आत्ता हे लिहिताना माझं कपाळ पिवळंधमक आहे आणि गाल... गालांचं नंतर सांगते. बेसन, दही, हळद, वर अर्धं लिंबू, एवढाच माझा गुन्हा. फेसपॅकच्या व्हिडिओतली बाई चिमूटभर हळद म्हणाली होती, मी चमचाभर घातली, कारण चांगली वस्तू जास्त घातली की जास्त चांगलं होतं असं मला उगाच वाटतं.

लेप कडकडीत वाळला आणि बेल वाजली. नवरा मिटिंगमध्ये, म्हणजे कानात हेडफोन घालून मोक्षाला गेलेला. गेले मीच.

दारात डिलिव्हरीवाला मुलगा. दचकला नाही हो तो! दचकला असता तर मला बरं वाटलं असतं. शांतपणे म्हणाला, "ओटीपी सांगा ताई."

ओटीपी होता ५८८५. आता वाळलेल्या बेसनाखाली ओठाला ओठ लावता येत नाही, आणि ओठ मिटल्याशिवाय 'प' निघत नाही, हे ज्ञान मला त्या क्षणी झालं.

"हाच, आठ, आठ, हाच."

"हाच म्हणजे कोणता?"

"हाच! हाच!"

"हो ताई, हाच, पण तो आकडा वाचून दाखवा ना."

मी पंजा दाखवला. तो दोन पायऱ्या खाली उतरला. "थांबतो की, घाई नाहीये मला." मग त्याला मोबाईलच दाखवावा म्हटलं तर त्या मोबाईलने माझा चेहरा ओळखायला साफ नकार दिला. स्वतःच्या पैशाने घेतलेला फोन! शेवटी हवेत बोटाने पाच काढून दाखवला. त्याने आकडे टाकले, पार्सल दिलं आणि जाता जाता म्हणाला, "हळद जास्त झाली ताई. आणि लिंबू नका घालू, झोंबतं." कोणी विचारलं होतं? पण खरंच झोंबत होतं. लिंबाचा पीएच साधारण २, कातडीचा ५ च्या आसपास, हे मी नंतर वाचलं. नॅचरल आहे, साइड इफेक्ट नाहीत म्हणे. खाजकुइलीसुद्धा नॅचरलच असते.

पार्सलमध्ये नवऱ्याच्या फोनचं कव्हर होतं.

तर गाल. रागारागात साबणाने घासले आणि पिवळ्याचे चक्क लालसर झाले. साबण अल्कलाइन असतो, त्यात हळद लाल होते, शाळेत तो हळदीचा कागद करून झाला होता की आपला, पण तेव्हा तो तोंडावर नव्हता. हळद पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते, म्हणून आधी तेल चोळायचं. व्हिडिओत हे कुठेय? तिथे बाई तोंडावर पाणी मारते आणि पुढच्या सेकंदाला चमकते. बेसिन तुंबलेलं कोण दाखवणार? आणि वरच्या ओठावरची लव त्या बेसनाबरोबर उपटून निघते तेव्हा डोळ्यांत येणारं पाणी? 'फक्त ५ मिनिटांत' म्हणे, मी सकाळपासून हेच करतेय, आणि आमच्या नवरोबाने आयुष्यात तोंडाला साबणापलीकडे काही लावलेलं नाही, तरी त्याची कातडी बघा.

टॉवेलही पिवळा झालाय. तो बाल्कनीत टाकलाय, उन्हात हळदीचा रंग उडतो. मलाही तिथेच बसायचं होतं, पण लिंबू लावून उन्हात गेलं तर चट्टे उठू शकतात. म्हणजे टॉवेल सुटला, मी घरात.

आत्ताच नवरा बाहेर आला. कव्हर दुसऱ्याच मॉडेलचं निघालं. रिटर्न पिकअप उद्या सकाळी.