"कागद नाही तर हक्क नाही": स्थलांतरित मुलांबद्दल फिरणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

दिवाळी झाली, मजुरांच्या टोळ्या कामाला हलल्या की खानदेशातल्या शिक्षकांच्या, सरपंचांच्या, बागायतदारांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. मध्य प्रदेशातल्या बडवानी-सेंधव्याकडून रावेर-यावलच्या केळीत आलेल्या आणि नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यातून गुजरातेत बारडोलीकडे ऊसतोडीला गेलेल्या मजुरांच्या मुलांबद्दल त्यात ठासून सांगितलेलं असतं: शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार नसेल तर शाळेत घेता येत नाही. जन्मनोंद नसेल तर वय सिद्ध होत नाही. बालकल्याण समितीकडे (संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) नेलं की मूल गेलंच समजा. आईबापांनी उचल, म्हणजे कामाआधीची आगाऊ रक्कम, घेतली असेल तर मुलांचं काम हा घरचा मामला. बाहेरच्यांना इथं रेशन नाही, आरक्षण नाही, आणि वकील तर परवडतच नाही.

पुढे ढकलणाऱ्या बहुतेकांच्या मनात वाईट काही नसतं. पण याच्यावर भरवसा ठेवून मुख्याध्यापक पोरं परत पाठवतात आणि कार्यकर्ते अर्ज करायच्या आधीच हात टेकतात. म्हणून अशा मुलांची प्रकरणं चालवणाऱ्या चमूला जो तपशील लागतो, तो धरूनच उत्तर देतो.

"दाखला आणि आधार नसेल तर प्रवेश नाही."

साफ चूक. शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम ५ सांगतं की दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येणार नाही. कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून कुणाला परत पाठवता येत नाही. कलम ४ प्रमाणे मुलाला वयाच्या मानाने वर्ग द्यायचा असतो. आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना शाळेत दाखल करून घेणं हे कलम ९ नं स्थानिक प्राधिकरणाचं, म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषदेचं किंवा नगरपालिकेचं, कर्तव्य ठरवलंय. ६ ते १४ वयाच्या कुठल्याही मुलाला हे लागू आहे, मग ते कुठल्याही राज्यातलं असो.

मग नकार येतो कुठून? विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या राज्याच्या सरल पोर्टलवर मुलाचं नाव जुन्या शाळेच्या लॉगिनमध्ये अडकलेलं असतं आणि ती शाळा विनंती मान्य करत नाही. शिवाय संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, मुख्यतः आधार जुळलेली मुलं धरली जातात, त्यामुळे बिनआधाराचं मूल पटावर घेऊन शिक्षकाचं पद वाढेलच असं नाही. मुख्याध्यापकाची ही अडचण खरी आहे. पण ती शाळेनं आणि शिक्षण विभागानं सोडवायची आहे. तिची शिक्षा मुलाला देता येत नाही.

करायचं काय, तर अर्ज दोन प्रतींत लिहा आणि एकीवर पोच घ्या. पहिल्याच ओळीत "आजपासून वर्गात बसू द्यावे, कागदपत्रे नंतर पूर्ण करू" अशी मागणी करा. ही ओळ महत्त्वाची आहे, कारण याच कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे केलेल्या तक्रारीवर निर्णयाला तीन महिने मिळतात आणि तेवढ्यात हंगाम आटोपून टोळी गावी निघालेली असते. नकार तोंडी असेल तर कारण लेखी मागा. निम्मे नकार तिथेच विरघळतात. तरीही अडलं तर गटशिक्षणाधिकारी, मग कलम ३२ ची तक्रार, आणि तिच्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. गाव सोडतानाच जुन्या शाळेकडून शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला नव्या शाळेत दाखवण्यासाठी मिळणारं कार्ड) घेतलं आणि प्रगतिपुस्तकाचा फोटो आईच्या मोबाइलमध्ये ठेवला, तर यातलं बरंचसं टळतं.

एक गोम मात्र नेहमी नडते. सातपुड्याच्या अलीकडे ज्यांना पावरा म्हणतात, त्यांनाच पलीकडे मध्य प्रदेशात बारेला म्हणतात. एकाच मुलाच्या आधारवर बारेला आणि शाळेच्या रजिस्टरात पावरा असं आडनाव सापडतं, आणि पोर्टल म्हणतं ही दोन वेगळी मुलं आहेत. दोन्ही नावं एकाच मुलाची असल्याचं पालकांचं प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच फाइलला लावून ठेवा.

"जन्मनोंद नाही, म्हणजे वय सिद्ध होत नाही."

बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ९४ मध्ये पुराव्यांचा क्रम दिला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची किंवा तत्सम वैद्यकीय तपासणी, आणि ती आदेशापासून १५ दिवसांत. पोलीस घाईत थेट तपासणीला पाठवतात, तिथे वकिलानं लगेच हरकत घ्यायला हवी. तपासणीतून नेमकं वय कळत नाही, अंदाज कळतो. सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्येच जया माला प्रकरणात दोन्ही बाजूंनी दोन वर्षांचा फरक पडू शकतो असं म्हटलंय. शाळेच्या नोंदीकडेही डोळसपणे बघा. वर्गातल्या निम्म्या मुलांची जन्मतारीख १ जून असेल, तर विरुद्ध पक्षाचा वकील त्यावर बोट ठेवणारच. अंगणवाडीची किंवा लसीकरणाची नोंद जोडीला असली की बाजू भक्कम होते.

जन्माची नोंद मूल जिथे जन्मलं तिथेच होते. बारडोलीच्या पालावर जन्मलेल्या बाळासाठी तळोद्याच्या ग्रामसेवकाकडे खेटे घालून उपयोग नाही. २१ दिवस उलटले तरी नोंद होते, एक वर्षानंतर मात्र जिल्हा दंडाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत जन्मदाखल्याचं वजन कायद्यानं खूप वाढवलंय. आज पाळण्यात असलेल्या पोरांची नोंद म्हणून आजच करून घ्या.

"समितीकडे नेलं की मूल गेलं."

ही भीती पालकांच्या मनात खोल बसलीय. बाल न्याय कायदा उलट बाजूचा आहे: मूल घरी परत जाणं हा पहिला पर्याय, संस्थेत ठेवणं हा शेवटचा. मुलाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत समितीपुढे आणायचं, मुलाच्या घरच्या परिस्थितीचा सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत, अंतिम आदेश चार महिन्यांत. मूल दुसऱ्या जिल्ह्याचं किंवा राज्याचं असेल तर कलम ९५ खाली त्याला तिकडच्या समितीकडे सोपवता येतं. आदेश पटला नाही तर ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं.

तरी भीती निराधार आहे असं आम्ही म्हणणार नाही. मे २०२३ मध्ये दानापूर–पुणे एक्स्प्रेसमधून भुसावळ आणि मनमाडला बिहारची ५९ मुलं उतरवली गेली. मदरशाच्या पाच शिक्षकांवर तस्करीचा गुन्हा लागला, मुलं निवारागृहात राहिली, आणि २०२४ मध्ये गैरसमजातून गुन्हा नोंदला गेल्याचं सांगून पोलिसांनी प्रकरण बंद केलं. अशा वेळी मूल अडकून राहतं ते घरच्या जिल्ह्यातून अहवाल न आल्यामुळे. तो अहवाल टपालाच्या भरवशावर सोडू नये. पहिल्याच दिवशी आईबापांचा फोन, सरपंचाचं पत्र, रेशनकार्डाचा फोटो आणि मुलाची भाषा बोलणारा माणूस समितीपुढे हजर करावा. मुकादमाला, म्हणजे टोळी जमवून आणणाऱ्या कंत्राटदाराला, दुभाषा म्हणून कधीच घेऊ नका. तो बऱ्याचदा स्वतःच आरोपी ठरायचा असतो.

"उचल घेतलीय, मग मुलांचं काम घरचं."

१४ वर्षांखालच्या मुलाला कामाला लावणं २०१६ च्या दुरुस्तीनंतर सगळीकडे बंद आहे. घरच्या उद्योगाची सवलत आहे, पण ती शाळा सुटल्यावर आणि धोका नसलेल्या कामापुरती. कोयत्यामागे मोळ्या बांधणारं पोर कारखान्याचा ऊस भरत असतं, त्याला घरचा उद्योग म्हणता येत नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरलेल्या सालदारकीत, म्हणजे वर्षभराच्या शेतमजुरीच्या करारात, बापाबरोबर पोरानंही गुरं सांभाळायची, हेही या सवलतीत बसत नाही.

आणि उचल फिटेपर्यंत जागा सोडता येत नसेल, तर तो वेठबिगारी निर्मूलन कायदा, १९७६ चा विषय होतो. तिथं कर्जच रद्द होतं, आणि वेठबिगारी नाही हे सिद्ध करायचा भार मालकावर येतो. जबाब घेताना विचारा: उचल किती, कधी, कुणाच्या हातून, लिहिलं कुणी, दर किती ठरला, कापले किती, निघायचं म्हटल्यावर काय उत्तर मिळालं. मुलांना आणि मोठ्यांना वेगळं, मुकादमाच्या नजरेआड विचारा. जिल्हाधिकाऱ्यांकडून किंवा प्रांतांकडून वेठबिगारीतून सुटल्याचं मुक्ती प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय कुटुंबाला गावी पाठवू नका. नंतर ते मिळवणं फार अवघड जातं. पुनर्वसन योजनेत मुलांसाठी दोन लाखांची तरतूद आहे, पण पूर्ण रक्कम आरोपीला शिक्षा होण्याशी जोडलेली आहे. तातडीची ३०,००० पर्यंतची मदत तशी नाही, तिचा अर्ज लगेच टाका.

रेशनचं थोडक्यात: पात्र कार्ड असेल आणि आधार पडताळणी झालेली असेल तर कार्ड बडवानीचं असो की नंदुरबारचं, धान्य देशात कुठल्याही रास्त भाव दुकानातून उचलता येतं. घरी राहिलेल्यांनी आपला वाटा गावात घ्यायचा, बाहेर गेलेल्यांनी कामाच्या ठिकाणी.

आरक्षणाबाबत मेसेज बऱ्याच अंशी बरोबर आहे. अनुसूचित जमातीचा दर्जा राज्यागणिक ठरतो, त्यामुळे मध्य प्रदेशातून आलेल्या कुटुंबाला महाराष्ट्राच्या आरक्षणाचा लाभ मिळत नाही. पालकांना खोटी आशा लावू नये.

"वकील परवडत नाही."

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार प्रत्येक मुलाला मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही, जातीचा दाखला नको. साध्या कागदावरचा अर्ज तालुका विधी सेवा समितीत चालतो, फोनसाठी १५१०० आहे.

खरी अडचण पुढची आहे. वकील मुलाचा की पालकांचा, हे चमूच्या प्रमुखानं पहिल्याच दिवशी ठरवून फाइलवर लिहावं. बापानंच उचल घेऊन पोराला कामाला लावलं असेल तर दोघांना एकच वकील चालणार नाही. दुसरी अडचण तारखांची. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, प्रकरणात न्यायालयानं दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष नोंदवायची असते. ती लांबून फेब्रुवारी-मार्चवर गेली तर टोळी परतीच्या वाटेला लागते आणि साक्षीदारच हाती राहत नाही. त्यामुळे प्रत्येक फाइलवर तीन नंबर हवेत: गावातल्या नातेवाइकाचा, अंगणवाडी सेविकेचा आणि कामाच्या जागेचा. टोळी निघायची तारीख कळली की साक्ष आधी घ्यावी किंवा मुलाच्या गावाजवळच्या न्यायालयातून व्हिडिओद्वारे घ्यावी, असा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा.