कॉमा ऐकू येतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची कमेंट वाचली, चिडून लिहिलीय पण मुद्दे चांगले आहेत, म्हणून इथेच सविस्तर उत्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की एकवीस-बावीस सेंटचा (सेंट म्हणजे पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) फरक कोणालाही ऐकू येत नाही, बालगंधर्वांच्या काळापासून पेटी-ऑर्गनवर गाणं मजेत चाललंय, आणि कॉमा, म्हणजे हाच बारीक फरक, हे गोऱ्यांचं खूळ मी उगाच आपल्या संगीतात घुसडतोय.

आधी ऐकू येण्याचं बघू. हिशेबाला सोपा म्हणून सा 240 हर्ट्झ धरा. तानपुऱ्याचा खर्ज (खालचा सा) मग 120 वर, आणि जवारी, म्हणजे घोडीवर तारेला येणारा झणत्कार, छान लागली असेल तर त्या खर्जातून आपोआप जो स्वयंभू गंधार बोलतो तो 120 ची पाचपट, म्हणजे 600. तुमचा गंधार 300 वर लागला तर त्याची दुप्पट बरोबर 600, दोन्ही एकमेकांत विरघळून जातात. पेटीचा गंधार असतो साधारण 302.4, दुप्पट केली की 604.8, तानपुऱ्याच्या 600 शी जितका फरक तितके, म्हणजे सेकंदाला जवळपास पाच हेलकावे, पेटी आणि तानपुरा एकत्र लावले की जे व्यांव-व्यांव होतं ना, तेच ते. आणि सा-प-रे-ध-ग असं पंचमापंचमाने (दर वेळी दीडपट, सप्तकाबाहेर गेलं की निम्मं) चढत जाऊन गंधार काढलात तर तो येतो 303.75, तिथे हेलकावे साडेसात. हा 300 ते 303.75 फरक म्हणजे कॉमा, 81/80, साडेएकवीस सेंट. नुसते दोन सूर एकामागून एक वाजवले तर कळणार नाही म्हणता, तर त्यावर मी भांडत नाही, पण खाली तानपुरा चालू असताना तो न कळणं अवघड आहे.

पेटीवर पंचम का खटकत नाही तेही यातच आलं. बारा पंचम चढून सात सप्तकं खाली उतरलात तर परत 240 वर येत नाही, 243.27 वर येता (हा दुसरा कॉमा, पायथागोरसचा, साडेतेवीस सेंटचा), आणि तो बारा पंचमांत वाटून टाकला की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दोन सेंट येतात. पंचम 360 ऐवजी 359.6. कोण तक्रार करणार? सगळा भुर्दंड गंधार-धैवत भरतात.

आणि खरा घोळ धैवतात आहे, त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. मध्यम 320, त्याला सा मानून त्याचा शुद्ध गंधार व्हायचा तर धैवत 400 हवा. रिषभ 270, त्याला सा मानून त्याचा पंचम व्हायचा तर 405 हवा. दोन्ही धैवत बरोबर, दोन्हींत पुन्हा तोच कॉमा. गाणारा त्या जागेला काय शोभतं ते बघून लावतो, पेटीत एकच पट्टी आहे हो, ती काय करणार!

बालगंधर्वांचं म्हणाल तर पेटी गळ्याच्या मागून जाते, गळा पेटीच्या मागून नाही. आणि या भांडणाची सुरुवात काही माझ्यापासून नाही, सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी 1910 मध्ये बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या बारीक सुरांवर, पुस्तक काढलं, मग क्लेमंट्स या इंग्रज साहेबांच्या साथीने श्रुतींची पेटीच बनवून घेतली. 1940 मध्ये तर रेडिओने पेटीवर बंदीच घातली, ती तीसेक वर्षं टिकली. बंदी मला अजिबात पटत नाही, पण तक्रार हवेतली नव्हती.

राहिलं गोऱ्यांचं खूळ. भरताच्या नाट्यशास्त्रात दोन सारख्या वीणा घेऊन, एक तशीच ठेवून दुसरीचा पंचम एका श्रुतीने उतरवायला सांगितलंय, त्या उतरण्याला प्रमाणश्रुती म्हणतात, आणि बरेच अभ्यासक ती 81/80 च धरतात. सगळे नाही धरत, भरताने आकडे दिलेले नाहीत त्यामुळे वाद चालूच आहे, पण कल्पना बाहेरून आणलेली नक्की नाही.

तानांच्या वेगात कॉमा-बिमा कोणी मोजत नाही हे तुमचं मान्य. पण ठाय (संथ) लयीत न्यासाचा, म्हणजे थांबायचा, गंधार लावून बघा, आणि प्लीज मोबाइलच्या स्पीकरवर नको, त्याला खर्ज झेपत नाही, हेडफोन लावा.