डबा इंदूचा होता, फिल्म ताजी होती

नमस्कार सर,

तुम्ही माझ्या फोटोच्या दुकानाला एक तारा देऊन लिहिलेलं सगळं वाचलं. काल रात्री दुकानाचं शटर ओढताना मुलीनं मोबाइलवर दाखवलं. नीट झोप लागली नाही, म्हणून आज गिऱ्हाईक यायच्या आधीच लिहायला बसलो. तुमच्या तक्रारी अशा : पाटीवर दहाची वेळ असताना दुकान पावणेअकराला उघडलं. मोठ्या कॅमेऱ्यात एकेक करून घालायच्या फिल्मच्या बारा शीटचे २,०४० रुपये घेऊन मी तुम्हाला "कुठल्यातरी जुनाट डब्यातली डुप्लिकेट फिल्म" दिली. चामोर्शीजवळच्या मार्कंड्याच्या मंदिरातले आतले चार फोटो जवळजवळ कोरे आले, दोन निगेटिव्हवर ओरखडे आले. आणि शेवटची ओळ, "गावातल्या दुकानात यापेक्षा वेगळं काय मिळणार."

उशिराबद्दल माफी मागतो. त्या दिवशी सकाळी शाळेत ओळखपत्रांचे फोटो काढायला गेलो होतो, पण दारावर चिठ्ठी लावून जायला हवं होतं. ओरखड्यांबद्दलही माफी, ती चूक पूर्ण माझी. धुताना सहा शीट एकाच ट्रेमध्ये खालीवर करत होतो. तुम्हाला दिलेल्या फोमा कंपनीच्या फिल्मची इमल्शन, म्हणजे उजेड टिपणारा थर, ओली असली की दुधावरच्या सायीसारखी मऊ होते, एका शीटचा कोपरा दुसऱ्याला लागला की संपलं. ती सहा मी तीन-तीनच्या गटात धुवायला हवी होती.

पण डुप्लिकेट हा शब्द मला सोसवत नाही, सर. त्यावर सविस्तर लिहितो.

तुम्ही फोटो टाकलाय तो डबा 'इंदू' छापाच्या कागदाचा आहे, हे खरं. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा माल. सरकारनं १९६० साली काढलेला तो कारखाना आता बंद पडलाय. माझे बाबा सगळे प्रिंट त्याच कागदावर काढायचे, आणि ते रिकामे डबे आम्ही टाकले नाहीत. जाड पुठ्ठा, आत काळी पिशवी, उजेडाचा एक कण आत जात नाही. फोर बाय फाइव्ह इंचांची सुटी शीट द्यायला त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही माझ्याकडे नाही. तुमची फिल्म म्हणजे फोमाची फोमापॅन १००, तिचा मूळ खोका ५० शीटचा येतो. पन्नास शीट एकदम घेणारं गिऱ्हाईक चामोर्शीत वर्षात एखादं येतं. म्हणून अंधारखोलीत खोका उघडून मी सहा-सहा, बारा-बारा शीट काळ्या पिशवीत घालतो आणि ती पिशवी अशा डब्यात ठेवतो. डबा चाळीस वर्षांचा असेल. आतली फिल्म गेल्या हिवाळ्यात मागवलेली होती. मूळ खोका अजून माझ्याकडे आहे, त्यावर मुदतीची तारीख आणि बॅच नंबर छापलेला आहे, त्याचा फोटो या उत्तरासोबत लावतो. त्यातली नऊ शीट अजून शिल्लक आहेत.

तरी शंका राहिली तर निगेटिव्ह हातात घ्या. शीट फिल्मच्या एका कोपऱ्यात खाचा असतात. प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक फिल्मच्या खाचांची रचना वेगळी असते, म्हणजे अंधारात बोटानं चाचपून कुठली फिल्म आणि कुठली बाजू ते कळतं. शीट उभी धरून खाचा वरच्या उजव्या कोपऱ्यात आल्या की इमल्शन तुमच्या तोंडाकडे. होल्डर, म्हणजे फिल्म घालून कॅमेऱ्यात सरकवायची चपटी पेटी, भरताना मी तुमचं बोट धरून तेच दाखवलं होतं. बाहेरच्या शिल्पांच्या ज्या निगेटिव्ह तुम्हाला आवडल्या त्यांच्या खाचा बघा, आतल्या चार कोऱ्यांच्या बघा. एकच आहेत. एकाच पिशवीतली बारा शीट, एकाच रात्री, एकाच डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, धुतली. फिल्म नकली असती तर बाहेरची आठ अशी उतरली असती का? त्यातल्या एकीत शिल्पाच्या कंबरपट्ट्याचा एकेक मणी मोजता येतो. मी भिंग लावून पाहिलाय.

मग आतले चार असे का आले? हे मी तुम्हाला आधी सांगितलं होतं, सर. माझं मन दुखलंय ते इथं.

तुम्ही काउंटरवर म्हणालात, "कॅमेरा नवीन घेतलाय, शिकून राहिलो, स्वस्तातली फिल्म दाखवा." मी तीन गोष्टी समोर ठेवल्या. फोमापॅन १०० चं एक शीट १७० रुपये. इलफर्डची एचपी-फाइव्ह प्लस ३२० रुपये. आणि एक्स-रेची फिल्म, मोठ्या शीटमधून कापलेली, ४० रुपये. एक्स-रे फिल्म घेऊ नका असं मीच म्हटलं. स्वस्त आहे, लाल दिव्यात धुता येते, पण तिला दोन्ही बाजूंनी इमल्शन असते, ट्रेच्या तळाला घासली तरी ओरखडते, आणि लाल रंग तिला दिसतच नाही. मागे एका मुलानं तिच्यावर मारुतीचा फोटो काढला होता. शेंदूर लावलेला देव कोळशासारखा काळा आला, बिचारा रडवेला झाला होता. देवळाच्या फोटोला ती फिल्म मी देत नाही. चाळीस रुपयांचा माल खपवायचा असता तर तेव्हाच खपवला असता.

मी म्हटलं, "पाहा जी, बाहेर उन्हात फोमा घ्या, काही प्रश्न नाही. आत अंधार आहे, आतल्यासाठी चार शीट एचपी-फाइव्ह घ्या." तुम्ही म्हणालात, "एका शीटचे तीनशे वीस? राहू द्या, सगळी तीच द्या." दिली. तुमचा पैसा, तुमची निवड, त्यात मला वाईट वाटायचं कारण नाही. पण मग मी बिल उलटं केलं आणि मागे पेनानं लिहून दिलं. तुम्ही इथं बिलाच्या पुढच्या बाजूचा फोटो टाकलाय. मागची बाजू बघा. तिथं तीन ओळी आहेत, आधी उजेड मोजायच्या मीटरनं सांगितलेला वेळ, मग खरा द्यायचा वेळ :

१ सेकंद : २ सेकंद द्या
१० सेकंद : ८० सेकंद द्या
१०० सेकंद : १६०० सेकंद द्या

हा आकडा माझ्या मनचा नाही, फोमाच्या कागदावर हेच छापलेलं असतं. अर्ध्या सेकंदापर्यंत ही फिल्म मीटर सांगेल तसं वागते. त्याच्या पुढे उजेड कमी आणि वेळ जास्त झाली की तिची ताकद झपाट्यानं उतरते. सगळ्याच फिल्मचं थोडंफार असं होतं, फोमाचं फार होतं. तुम्ही होल्डरवर पेन्सिलनं लिहून आणलं होतं : एफ २२ (लेन्सचं छिद्र किती उघडं ते), १० सेकंद. मीटरनं दहा सांगितले, तुम्ही दहाच दिले. ऐंशी द्यायचे होते. म्हणजे तीन स्टॉप कमी, एका स्टॉपला उजेड निम्मा होतो. त्या निगेटिव्हमध्ये दाराकडचा खांब आणि उंबऱ्याची कड तेवढी आलीय, बाकी काचेसारखी कोरी. जिथं उजेड पोचला तिथं फिल्मनं तो टिपला, हे त्यातही दिसतं.

एचपी-फाइव्ह घेतली असती तर हिशोब वेगळा होता. ती ४०० ची, म्हणजे १०० च्या फोमापेक्षा दोन स्टॉप वेगवान, तिला चौथाई उजेड पुरतो. मीटरनं अडीच सेकंद सांगितले असते, आणि तिची उतरण कमी असल्यामुळे सव्वातीन-साडेतीन सेकंदांत काम झालं असतं. कुठे साडेतीन, कुठे ऐंशी. तेवढ्या वेळात दर्शनाला आलेला माणूस घंटा वाजवून बाहेर गेला असता. चारशेची फोमासुद्धा मिळते, पण ती मी दोनशेच्याच हिशोबानं वापरतो, आणि अंधारात तीही तशीच उतरते, म्हणून आतल्या कामाला मी ती सुचवली नाही.

तरी माझ्या मनात एक गोष्ट राहिली. तुम्ही घाईत होता, गाडीत घरची माणसं बसली होती. बिलाच्या मागे लिहून दिलं, पण ऐंशी सेकंद म्हणजे काय ते समजावून सांगायला मी पाच मिनिटं जास्त थांबवायला हवं होतं. नवीन माणसाला वाटतं, एवढा वेळ उघडं ठेवलं तर सगळं पांढरं होईल. मलाही बाबांजवळ शिकताना तेच वाटायचं.

आता किमतीचं. तुम्ही लिहिलंय की ऑनलाइन अख्ख्या खोक्याचा भाव धरला तर शीट स्वस्त पडते. पडते, मान्य. पण ही फिल्म चेक प्रजासत्ताकातून येते. १९२१ सालची कंपनी आहे, ह्रादेत्स क्रालोवे नावाच्या गावची, तीही काही राजधानीतली नव्हे. सीमाशुल्क, जीएसटी, मुंबईच्या व्यापाऱ्याचं, कुरिअरचं, सगळं धरा. मी फक्त नोव्हेंबर ते जानेवारीत मागवतो, कारण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि पार्सल गोदामाच्या पत्र्याखाली दोन दिवस पडलं तर फिल्म शिजते. वर्षभर ती घरच्या फ्रिजमध्ये हवाबंद डब्यात असते, दही आणि लोणच्याच्या वरच्या कप्प्यात. गिऱ्हाईक येणार असेल तर दोन-तीन तास आधी बाहेर काढतो, नाहीतर थंड फिल्मवर बाष्प धरतं. बायको कधी बोलत नाही, पण तो कप्पा तिनं माझ्यासाठी सोडलाय.

आणि धुण्याचे मी तुमच्याकडून शीटमागे ६० रुपये घेतले. एप्रिलमध्ये आमच्या टाकीचं पाणी हाताला गरम लागतं. डेव्हलपर २० अंशांवर आणायला त्या रात्री रसवंतीवाल्याकडून बर्फ आणला, परातीत फोडून टाकला आणि परातीत ट्रे ठेवला. हायपोला, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या रसायनाला, वेगळा बर्फ, धुवायच्या पाण्याला वेगळा. मध्येच लाइट गेली, तर घड्याळ दिसेना, म्हणून शेवटची दोन मिनिटं आकडे मोजत हलवत राहिलो. ही मेहनत बिलावर लिहिता येत नाही.

गावातल्या दुकानाबद्दल एवढंच सांगतो. बाबांनी हे दुकान लाकडी कॅमेऱ्यावर उभं केलं. डोक्यावर काळं कापड घेऊन त्यांनी शाळांचे, लग्नांचे, मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत आलेल्या कुटुंबांचे फोटो काढले. पासपोर्टचे फोटो आता लोक मोबाइलवर काढतात, लग्नाचं काम शहरातली पोरं घेऊन जातात. मोठ्या फिल्मचं हे काम मी आवडीनं धरून ठेवलंय, आणि नागपूरपासून जे दहा-बारा हौशी लोक येतात ते इथलेच तारे पाहून येतात. डुप्लिकेट माल विकणारा असं नाव झालं तर मी कोणाकोणाला बिल उलटं करून दाखवू?

सुधारणा करतोच आहे. सुट्या डब्यांवर फिल्मचं नाव आणि तारखेची चिठ्ठी लावणार आहे, धुण्याचंही जरा नीट बघतो. पाटीवरची वेळ साडेदहा करून घेतली.

ओरखडलेल्या दोन शीटचे ३४० रुपये आणि धुण्याचे १२० रुपये मी परत करतो, तुमचा नंबर माझ्याकडे आहे. चार शीट एचपी-फाइव्ह तुमच्या नावानं फ्रिजमध्ये वेगळ्या ठेवल्यात, त्यांचे पैसे घेणार नाही. सकाळी लवकर आलात तर मीही सोबत मार्कंड्याला येतो, घड्याळ मी धरतो. फक्त आदल्या दिवशी फोन करा, म्हणजे फिल्म वेळेवर बाहेर काढून ठेवता येईल.