सगळं मेलेलंच आहे म्हणे तिथे

आज दुपारी लेकीच्या शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर निरोप आला. आपल्या बडोद्याच्या कमाटी बागेतल्या म्युझियमची सहल रद्द. त्याऐवजी मुलांना मॉलमधल्या कुठल्याशा 'एक्सपिरियन्स झोन'ला नेणार. डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवायचा, मग म्हणे आपण समुद्राच्या तळाशी असतो आणि डायनासोर अंगावर धावून येतो. कारण काय, तर म्युझियममध्ये मुलं कंटाळतात. खाली लगेच अंगठ्यांची रांग. आणि एका आईने लिहिलं, "सारुं थयुं, त्यां तो बधुं मरेलुं ज छे." म्हणजे बरं झालं, तिथे तर सगळं मेलेलंच आहे. त्यावर हसणारे चेहरे.

तेव्हापासून धुमसतेय मी. तिथे काही लिहिलं नाही, कारण तिथे कुणी वाचत नाही, नुसतं वर सरकवतात. इथे लिहिते. तुम्ही माझी माणसं आहात, तुम्हाला पहिल्या इयत्तेपासून समजावत बसावं लागणार नाही.

तिथे जे मेलेलं आहे ना, त्यात एक निळा देवमासा आहे. १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आलेला. त्याचा सांगाडा साधारण ७० फुटांचा. आपल्या बडोद्यातून समुद्र दिसत नाही, कळतही नाही की तो इतका जवळ आहे, आणि त्या समुद्रातलं हे एवढं धूड आपल्या बागेत, घोड्यावर बसून फोटो काढतात तिथून चार पावलांवर ठेवलंय. पृथ्वीवर आजवर जन्मलेला याहून मोठा प्राणी कुणाला माहीत नाही. दात नाहीत त्याला. झिंग्यासारखे बोटभर जीव पाण्यासकट तोंडात घ्यायचे आणि पाणी गाळून बाहेर टाकायचं, त्यावर हा देह पोसायचा. आणि त्याचा पर नीट बघा. आत दंडाचं हाड आहे, मनगट आहे, बोटांची पेरं आहेत. आपल्याच हाताची हाडं, पोहण्यासाठी बदललेली. हे चष्म्यातून दाखवा म्हणावं. दाखवतीलही, रंगीत करून दाखवतील. पण त्या हाडांच्या आत कधीकाळी रक्त होतं आणि हे कुणी कॉम्प्युटरवर बनवलेलं नाही, हे पोराला कसं कळणार?

माझी आत्या दांडिया बाजारात राहायची आणि सरकारी मराठी शाळेत शिकवायची. शाळेतली मुलं म्हणजे रिक्षावाल्यांची, भांडी घासणाऱ्या बायकांची, सफाई कामगारांची. दरवर्षी ती आपला वर्ग चालत चालत कमाटी बागेत न्यायची आणि एका वर्षी मलाही बरोबर नेलं होतं. माझी शाळा इंग्रजी, तिला तेव्हा सुट्टी होती. इजिप्तच्या ममीच्या खोलीच्या दाराशी आत्याने सगळ्यांना थांबवलं. म्हणाली, "आत एक माणूस आहे. कुणाचं तरी माणूस. कुणीतरी रडत रडत त्याला गुंडाळलंय. आत हसायचं नाही, बोट दाखवायचं नाही." आणि स्वतः काचेच्या पेटीसमोर जाऊन तिने हात जोडले. मग आम्ही सगळ्यांनी जोडले. चाळीसेक पोरं, एक आवाज नाही. बाहेर आल्यावर तिने सांगितलं, की नाईलच्या काठी मेलेल्या माणसाला क्षारात सुकवायचे, लिननच्या पट्ट्यांत गुंडाळायचे, आणि हा सगळा विधी ७० दिवस चालायचा. एक मुलगा म्हणाला, "बाई, आमच्याकडे तेरा दिवस." आत्या म्हणाली, "हो. सगळीकडे काही ना काही दिवस असतातच."

बास. मानववंशशास्त्राचा याहून चांगला धडा मला पुढे कॉलेजातही कुणी शिकवला नाही.

आता मला माहीत आहे, खाली कुणीतरी लिहिणार की मेलेल्या माणसाला काचेत ठेवणं हेच चूक. बरोबर आहे, त्यावर जगभर वाद चालू आहे आणि तो व्हायलाच हवा. आणखी एक मान्य करते. जुन्या काळच्या म्युझियमांनी आदिवासींचे, निरनिराळ्या जातींचे पुतळे प्राण्यांच्या कपाटांशेजारी मांडले, जणू तीही एक प्रजाती. ते वाईटच होतं. पण त्याचं उत्तर आपल्याच भागात आहे ना! तेजगडला जा, छोटा उदेपूरच्या वाटेवर. बडोद्यातल्या 'भाषा' संस्थेने, गणेश देवींनी उभारलेली आदिवासी अकादमी आहे तिथे आणि तिचं 'वाचा' नावाचं संग्रहालय आहे. तिथे राठवा आदिवासी मंडळी आपली भांडी, आपली वाद्यं, आपले पिठोरा स्वतः समोर ठेवतात. पिठोरा म्हणजे भिंतीवर काढलेला देव, घोड्यांसकट. काय दाखवायचं हे ज्यांचं आहे त्यांनी ठरवावं. म्हणजे सुधारणा म्युझियममध्येच होऊ शकते. म्युझियम सोडून मॉलमध्ये पळणं ही सुधारणा नव्हे. आणि ग्रुपवर ज्यांनी अंगठे दाखवले त्यांना राठव्यांच्या सन्मानाची काळजी पडली होती असं कृपया मला सांगू नका.

मला राग नक्की कशाचा आलाय हे लिहिता लिहिता कळतंय. कंटाळा हे कारण ऐकून आलाय. दहा वर्षांच्या मुलाला देवमाशाचा कंटाळा येत नाही हो. कंटाळा बरोबरच्या मोठ्यांना येतो. त्यांना फोन बघायचा असतो, म्हणून ते वीस मिनिटांत वर-खाली फिरवून बाहेर काढतात आणि वर म्हणतात, मुलं कंटाळली. माझ्या आत्याने मुलांना कंटाळू दिलं नाही. देवमाशाजवळ तिने वर्गाला हात पसरून एका ओळीत उभं केलं, डोक्यापासून शेपटीपर्यंत, एकाचं बोट दुसऱ्याच्या बोटाला लागेल असं. किती मुलांचा देवमासा होतो ते मोजा म्हणाली. पट्टेवाला ओरडायला आला होता, तो थांबून बघायला लागला. शेवटी पोरं कमी पडली म्हणून तोच शेपटीकडे जाऊन हात पसरून उभा राहिला! त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मला आज इतक्या वर्षांनी जसाच्या तसा आठवतो. याला काही खर्च आला नव्हता. एक बाई लागली, जिला मुलांची आणि हाडांची दोन्हीची माया होती.

आणि पेंढा भरलेले पक्षी-प्राणी. "किती क्रूर," असंही ग्रुपवर कुणीतरी लिहिलंय. त्यातले कित्येक त्या काळात शौकासाठी मारले गेले असतील, नाकारत नाही. पण मारून झालेल्याला आता फेकून दिलं तर तो जिवंत होणार आहे का? परदेशात डीडीटी या कीटकनाशकामुळे शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ झाली आणि अंडी फुटू लागली, हे सिद्ध कशावरून झालं? म्युझियममधल्या जुन्या अंड्यांवरून. डीडीटीच्या आधीची अंडी कपाटात पडून होती म्हणून नव्यांशी ताडून बघता आली. ज्यांनी ती जमवली त्यांना डीडीटी हा शब्दही ठाऊक नव्हता. आपल्याकडे गिधाडं गेली. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे गेली, असं मेलेलं जनावर खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होत. २००६ मध्ये ते औषध गुरांसाठी बंद झालं, तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं जवळजवळ संपलीच होती. आत्या सांगायची, तिच्या लहानपणी गावाबाहेर झाडांवर ती ओळीने बसलेली असत. माझ्या लेकीने आयुष्यात एकही पाहिलेलं नाही. तिला ते कुठे दाखवू मी? कार्टूनमध्ये?

ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीतल्या मगरी रस्त्यावर आल्या तेव्हा हाच ग्रुप कसा किंचाळत होता ते मला आठवतंय. सगळ्यांना पकडून कुठेतरी लांब सोडा म्हणे. मगर त्या नदीत आपल्या आधीपासून आहे, तिची अंडी तिथल्या काठात आहेत, हे ज्या मुलाला ठाऊक आहे ते मूल मोठेपणी असं बोलणार नाही.

आता थोडी शांत झालेय. चहा घेतला.

महाराज सयाजीरावांचं कौतुक सांगायला बसले तर पहाट होईल आणि तुम्हाला ते माहीतच आहे. कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा, १८७५ मध्ये दत्तक येऊन बडोद्याच्या गादीवर बसला. १९०६ पासून सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, गावोगाव वाचनालयं काढली. १८७९ मध्ये बाग खुली केली आणि १८९४ मध्ये त्या बागेत म्युझियम. स्वतःच्या राजवाड्यात ठेवता आलं असतं सगळं, राजेलोक ठेवतच होते. त्यांनी बागेत ठेवलं, जिथे वाटसरू येतो. बाजूची चित्रांची गॅलरी १९१४ ला बांधून झाली, पण महायुद्धामुळे चित्रं युरोपात अडकली आणि उघडायला १९२१ उजाडलं. पुढे १९३० च्या दशकात हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडावं लागलेले कोन-वीनर नावाचे ज्यू विद्वान इथे या संग्रहावर काम करत होते, त्यांच्यानंतर हेर्मान ग्योट्स. ज्यांना त्यांच्या देशाने नको म्हटलं त्यांनी आपल्या बडोद्याच्या मुलांसाठी कपाटं लावली. आणि आपल्याच शहरातल्या अकोट्याच्या जैन कांस्यमूर्ती! काही तर दीड हजार वर्षांपूर्वीच्या, आज जिथे फ्लॅटच्या जाहिराती लागतात त्या अकोट्याच्या मातीतून निघालेल्या. ग्रुपवरच्या निम्म्या लोकांचे पत्ते अकोट्याचे आहेत.

पण मला याहून महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. १९१७ साली बाबासाहेब आंबेडकर बडोद्याला नोकरीवर आले. महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये अमेरिकेला जाऊन शिकून आलेला माणूस, आणि या शहरात त्यांना कुणी खोली देईना. पारशांच्या एका उतारगृहात राहिले तर लाठ्या घेऊन लोक आले आणि बाहेर काढलं. मुंबईच्या गाडीला काही तास होते. ते तास त्यांनी कमाटी बागेत बसून काढले, त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. महाराजांच्या राज्यात, त्यांच्या डोळ्यांदेखत हे झालं, ही लाज आहेच आणि ती कौतुकाखाली झाकू नये. पण अख्ख्या बडोद्यात त्या दुपारी त्यांना बसता आलं ते बागेत. कारण ती सगळ्यांची होती.

म्हणून आत्याच्या त्या सहलीतला एक भाग सांगते, जो मी सहसा कुणाला सांगत नाही. म्युझियमच्या पायऱ्यांवर तिच्या वर्गातला एक मुलगा मागे राहिला. चपला काढून हातात घेऊन उभा. आत्याने विचारलं काय झालं, तर म्हणाला, "बाई, मला आत सोडतील ना?" इमारत बघूनच त्याला वाटलं होतं की ही आपल्यासाठी नसणार. आत्याने त्याच्या चपला त्याच्या पायात घातल्या, खाली वाकून, स्वतःच्या हाताने. आणि त्याला सगळ्यात पुढे घेऊन आत गेली. ममीकडे "आमच्याकडे तेरा दिवस" म्हणणारा हाच तो मुलगा.

मॉलच्या दारात उभ्या राहिलेल्या अशा मुलाला काय उत्तर आहे? तिथे डोक्यामागे जे पैसे घेतायत ते आज ग्रुपवर लिहिलेत, आणि ज्यांना जमणार नाही त्यांनी कळवावं असंही लिहिलंय. कोण कळवेल? तुम्ही कळवाल? आमच्या वर्गात आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागांवर आलेली मुलं आहेत. त्यांच्या आया रात्री हिशेब मांडून बसल्या असतील. हे लिहिताना माझे हात पुन्हा थरथरायला लागलेत.

जुन्या म्युझियममध्ये धूळ असते, अंधार असतो, पाट्या वाचवत नाहीत, हे सगळं ऐकून झालंय माझं. असतं. मग दिवे मागा, पाट्या मागा, हाडांची निगा राखणारी शिकलेली माणसं नेमा म्हणून अर्ज करा, मी पहिली सही करते. २०१६ मध्ये दिल्लीचं राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालय एका रात्रीत जळालं. २०१८ मध्ये ब्राझीलचं रिओचं जळालं, दोनशे वर्षांचा संग्रह होता. त्यातलं जे राख झालं ते पुन्हा मागवता येत नाही. चष्मे उद्या नवे मागवता येतील, परवा त्याहून भारी.

तर मी ठरवलंय. येत्या रविवारी सकाळी मी लेकीला आणि तिच्या वर्गातल्या जी येतील त्या सगळ्या मुलांना घेऊन जाणार आहे. ज्यांचं तिकीट काढायचं राहील त्यांचं मी काढीन, कुणाला कळवायची गरज नाही. रावपुरा, दांडिया बाजार, बाबाजीपुरा, जिथून असाल तिथून आपली नि शेजारची पोरं आणा, शाळा कुठलीही असो. कामवाल्या मावशींची मुलं आठवणीने आणा. दहा वाजता बागेच्या मोठ्या दरवाज्याशी जमू. प्रत्येकाकडे वही-पेन्सिल हवी, मुलांच्या हातात फोन नको. देवमाशाच्या ओळीसाठी पोरं कमी पडतील, तेव्हा मोठ्यांनीही हात पसरायची तयारी ठेवा. तुमच्यापैकी कुणी प्राणिशास्त्र शिकवत असेल तर प्लीज या, पराच्या हाडांचं मला जेवढं येतं तेवढं मी सांगेन, पुढचं तुम्ही सांगा.