परदेशातील क्रमांक चालणार नाही

नाशिकला आईच्या सोसायटीने सगळ्या ज्येष्ठांकडून एक फॉर्म भरून मागितला आहे. नाव, फ्लॅट नंबर, रक्तगट, चालू औषधं, आणि शेवटी आपत्कालीन संपर्क. त्यापुढे कंसात: परदेशातील क्रमांक चालणार नाही. आईने फोटो काढून पाठवला तेव्हा मी इथे इंग्लंडात १७ नंबरच्या बसमध्ये होते. रेडिंग स्टेशन येईपर्यंत तो कंस मी दहा वेळा वाचला असेल.

मग सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा आली. आई स्क्रीनशॉट पाठवते, स्वतःचं मत देत नाही. एकांनी लिहिलं होतं, 'एवढे पाउंड-डॉलर कमावतात, मग आईबापांना घेऊन का जात नाहीत?' त्याला सात अंगठे. दुसऱ्यांनी ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदाच काढला: मुलांनी सांभाळलं नाही तर न्यायाधिकरणात खेचता येतं, महिना दहा हजारांपर्यंत पोटगी. मी तो कायदा उघडून वाचला. भारताबाहेर राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही तो लागू आहे, असं पहिल्याच कलमात लिहिलंय. मी २०१३ मध्ये ब्रिटिश नागरिक झाले. हे मी आईला सांगितलं नाही.

तर, का घेऊन जात नाहीत. ९ जुलै २०१२ पासून ब्रिटनचा नियम असा आहे की आईला कायमचं आणायचं तर तिला आंघोळ, कपडे घालणं, स्वयंपाक अशा रोजच्या गोष्टींना दुसऱ्याचा हात लागला पाहिजे. शिवाय तो हात तिकडे मिळत नाही किंवा परवडत नाही, हे कागदोपत्री सिद्ध करायचं. मुलगी कमावती नसेल तर तू इथे पोसणार कशी, म्हणून नकार. कमावती असेल तर तिकडेच बाई ठेव की, म्हणून नकार. माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. पहाटे साडेपाचला बादली भरून आंघोळ करते, रिक्षाने सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालयात, जाऊन पुस्तकं बदलून आणते आणि रिक्षावाल्याशी पाच रुपयांवरून भांडते. इथल्या गृहखात्याच्या हिशेबी ती फारच धडधाकट आहे. तिने अंथरूण धरल्यावर अर्ज करायचा आणि मग तिला नऊ तासांच्या विमानात बसवायचं, असा एकूण मामला. हे त्या सात अंगठ्यांना कोण समजावणार?

उरतो व्हिजिटर व्हिसा, एका खेपेला सहा महिने. आई चार वेळा आली. एप्रिलात यायची, नोव्हेंबरच्या आत परत, कारण पेन्शनचा हयातीचा दाखला. तो आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो, पण तिला ते मान्य नाही. 'बँकेतल्या माणसाने मला बघायला नको का?'

ती इथे असली तरी आठ ते सहा घर रिकामं. ती पुढच्या खिडकीत बसायची. कोणत्या आठवड्यात कचऱ्याचा कोणता डबा बाहेर काढायचा, हे आमच्याआधी तिला पाठ झालं. लायब्ररीतून मोठ्या अक्षरांचं एक इंग्रजी पुस्तक आणलं आणि तिसऱ्या दिवशी न बोलता परत केलं. एकदा लंडनमध्ये डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात गणपतीला नेलं तर परतताना गाडीत सलग दीड तास बोलत होती. मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. थंडी वाजली की ती विचारायची, 'हीटिंग लावू का गं?' माझ्याच घरात, मला. नाशिकला ती पंखा लावायला कुणाला विचारत नाही.

आमच्या शेजारच्या आजी चौऱ्याऐंशीच्या आहेत. एकट्या राहतात, गळ्यात ते पडल्या-झडल्यावर मदत बोलवायचं बटण. मुलगा लीड्सला, ख्रिसमसला येतो. त्याला कुणी कृतघ्न म्हणत नाही, कुणी कायद्याची कलमं पाठवत नाही. म्हातारपण हा ज्याचा त्याचा मामला, आणि हेच मला सुसंस्कृतपणाचं लक्षण वाटत आलंय. आपल्याकडे भोचकपणालाच माया म्हणतात. (त्या मुलाचा फोन नंबर आमच्याकडे आहे का? नाही. अकरा वर्षं भिंतीला भिंत आहे.)

आता जे ग्रुपवर लिहिता येणार नाही ते. नियम २०१२ चा आहे, मी आले २००६ ला. २०११ मध्ये कायम वास्तव्याचा शिक्का मिळाला. तेव्हा पासष्टीपुढच्या आईवडिलांसाठी वाट निराळी होती: ते पैशासाठी मुख्यतः तुमच्यावर अवलंबून हवेत आणि तिकडे आधाराला दुसरं जवळचं कुणी नको. मी एकुलती एक. बाबांच्या पेन्शनमुळे अवघड गेलं असतं, कदाचित नकारच आला असता. पण आम्ही फॉर्म उघडूनसुद्धा बघितला नाही. 'पुढच्या वर्षी बघू.' त्याच वर्षी घर घेतलं, दोन बेडरूमचं. थोडं लांब गेलो असतो तर तीनचं परवडलं असतं. पुढच्या जुलैत नियम बदलला तेव्हा मी खासदाराला चार परिच्छेदांचं संतापलेलं पत्र लिहिलं, आणि त्या रात्री मला शांत झोप लागली. बाबा २०१७ मध्ये गेले. आजही कुणी विचारलं की मी २०१२ पासून सुरुवात करते, जशी वर केली.

आणि तो कंस. गेल्या फेब्रुवारीत आई पहाटे बाथरूममध्ये पडली. खालच्या मजल्यावरच्या सेक्रेटरीकाकांना धप्प आवाज गेला. माझ्याकडे मध्यरात्रीचे बारा, फोन सायलेंटवर. सकाळी उठले तर त्यांचे अकरा मिस्ड कॉल. तोवर एक्स-रे होऊन मनगटाला प्लास्टर लागलं होतं आणि काकूंच्या हातचा उपमा खाऊन आई झोपलीही होती. काका मला एक शब्द बोलले नाहीत. फॉर्म त्यांनीच टाइप केलाय.

काल आईचा फोन. 'अगं, रविवारपर्यंत द्यायचाय, काय लिहू?'

म्हटलं, काकूंचं नाव लिही.

'त्यांना विचारलंस का तू?'

म्हटलं, विचारते. अजून विचारलेलं नाही.