शून्य डाउनटाइम हवाय? फोन सायलेंटवर टाका

"झिरो डाउनटाइम रिलीज यशस्वी. युजरला कळलंसुद्धा नाही." मागे तीन रॉकेटं. म्हणजे सेवा क्षणभरही बंद न ठेवता ॲपचं नवं व्हर्जन चढवलं. हा मेसेज आमच्या ग्रुपवर पडला गेल्या बुधवारी रात्री ११ वाजून २० मिनिटांनी. माझा फोन वाजला २ वाजून १० मिनिटांनी. त्या आठवड्यात ऑन-कॉल, म्हणजे काही बिघडलं की रात्री उठणारी, मी होते. रॉकेटवाले गाढ झोपले होते.

पहाटे साडेपाचला लॅपटॉप मिटला तेव्हा वाटलं, ही विद्या आपल्याला आजवर कुणी शिकवलीच नाही. ज्यांना येते त्यांच्याकडून जमेल तेवढी गोळा केली आहे. तुम्हालाही जुन्या व्हर्जनवरून नव्या व्हर्जनवर ट्रॅफिक (युजरच्या रिक्वेस्ट) असंच अलगद, कुणालाही न कळता (निदान तुम्हाला तरी न कळता) हलवायचं असेल, तर पुढचं नीट वाचा.

सुरुवात रेडिनेस प्रोबपासून, म्हणजे ॲप रिक्वेस्ट घ्यायला तयार आहे का हे विचारणाऱ्या तपासणीपासून. तो लिहूच नका. प्रोब नसेल तर कंटेनर (ॲपचा बांधलेला डबा) सुरू झाल्याबरोबर कुबरनेटिस, म्हणजे हे डबे चालवणारी यंत्रणा, त्या पॉडला (ॲपच्या एका चालू प्रतीला) तयार समजतो. केवढा हा विश्वास! ॲप अजून डोळे चोळत कॅश भरत बसलेलं असतं, पण ट्रॅफिक दारात हजर. कुणी फारच मागे लागलं तर प्रोब लिहा, मात्र काहीही न तपासता थेट २००, म्हणजे 'सगळं ठीक', पाठवणारा. डेटाबेसशी बोलणं होतंय का, टेबलं जागेवर आहेत का, असल्या चौकशा आपण कशाला करा? डेटाबेस तपासायची हौसच असेल तर ती लाइव्हनेस प्रोबमध्ये (ॲप जिवंत वाटलं नाही तर रीस्टार्ट करायला लावणाऱ्या तपासणीत) भागवा. म्हणजे डेटाबेसला जरा धाप लागली की सगळे पॉड एकदम रीस्टार्ट होतील, आणि परत आल्यावर सगळे मिळून त्याच दमलेल्या डेटाबेसवर तुटून पडतील.

इमेजचा (कंटेनर ज्यातून उभा राहतो त्या साच्याचा) टॅग कायम 'लेटेस्ट' ठेवा. नक्की काय चालू आहे हे कुणालाच माहीत नसलं की दोषही कुणाला देता येत नाही.

जुन्या पॉडला निरोप देताना हळवं होऊ नका. कुबरनेटिस आधी सिगटर्म ('आवर' असा इशारा) पाठवतो, मुळात ठरलेले ३० सेकंद थांबतो आणि मग सिगकिल मारतो, म्हणजे जबरदस्तीने बंद करतो. हातातलं काम आवरायला दिलेला वेळ आहे म्हणे तो. तुम्ही डॉकरफाइलमधली (इमेज कशी बनवायची ते सांगणाऱ्या फाइलमधली) कमांड शेलच्या, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, पद्धतीने लिहा. मग पहिली प्रोसेस शेलची होते, आणि सिगटर्म तिच्यापाशीच मुरतो, ॲपपर्यंत पोचतच नाही. ॲप बिचारं नव्या जोमाने रिक्वेस्ट हाताळत असतं आणि तिसाव्या सेकंदाला त्याची मान उडते. स्टेटसमध्ये १३७ (सिगकिलने मेल्याची खूण) दिसला की समजायचं, काम फत्ते.

काहींच्या ॲपला सिगटर्म पोचतो. ते इतकं आज्ञाधारक असतं की त्याच क्षणी दुकान बंद करतं. गंमत अशी, की पॉडला 'आवर' म्हणून सांगणं आणि एंडपॉइंटच्या, म्हणजे ट्रॅफिक जिथे पाठवायचं त्या पत्त्यांच्या, यादीतून त्याचं नाव काढणं ही कामं एकाच वेळी सुरू होतात. कोण आधी संपेल याची हमी नाही. यादी सगळ्या नोडवर (मशीनवर) बदलेपर्यंत ट्रॅफिक जुन्या पत्त्यावर येत राहतं, बंद दारावर आपटतं, आणि युजरला ५०२ एरर दिसतो. प्रीस्टॉपमध्ये (सिगटर्मच्या आधी चालणाऱ्या पायरीत) पाच-दहा सेकंदांची झोप टाकली की यातलं बहुतेक टळतं. एक ओळ आहे ती. पण एवढा वेळ कुणाकडे आहे?

पद्धत निवडताना ब्लू-ग्रीनच (जुनं ब्लू आणि नवं ग्रीन शेजारी उभं करून ट्रॅफिक एकदम वळवणं) निवडा, स्लाइडवर रंग उठून दिसतात. सर्व्हिसच्या सिलेक्टरमध्ये (ट्रॅफिक कुठल्या पॉडकडे जावं ते ठरवणाऱ्या ओळीत) ब्लूचं ग्रीन केलं, संपला विषय. नवी कनेक्शनं ग्रीनकडे जातात. आधीपासून उघडी असलेली वेबसॉकेट आणि जीआरपीसीची (बराच वेळ उघडी राहणारी) कनेक्शनं ब्लूलाच चिकटून राहतात, म्हणून लगेच ब्लूचे पॉड शून्यावर आणा, म्हणजे तीही सुटतील. की ब्लू 'असू दे, लागला तर' म्हणून ठेवायचाय? मग त्याच्या क्यू-वर्करना (रांगेतली कामं उचलणाऱ्या प्रोसेसना) मात्र चुकूनही सांगू नका की तुम्ही आता निवृत्त झालात. सिलेक्टरने फिरतं ते आत येणारं ट्रॅफिक. वर्कर आपल्या पायाने रांगेपाशी जाऊन काम उचलतो, त्याला सर्व्हिसशी काय देणंघेणं? ग्रीनने नव्या फॉरमॅटमध्ये टाकलेला मेसेज ब्लूचा वर्कर उचलतो, त्याला तो वाचता येत नाही, तो परत रांगेत टाकतो, परत उचलतो. रात्रभर. डॅशबोर्डवर सगळं ट्रॅफिक ग्रीनवर, अगदी शंभर टक्के.

गणिताच्या नादी लागू नका. आठ पॉड, प्रत्येकाचा डेटाबेसच्या दहा कनेक्शनांचा पूल, झाली ८०. पोस्टग्रेस या डेटाबेसची मूळ मर्यादा १००. ब्लू आणि ग्रीन शेजारी उभे राहिले की १६०. होईल काहीतरी.

कॅनरीही झकास असते. नव्या व्हर्जनला पाच टक्के ट्रॅफिक द्यायचं, पाच मिनिटं डॅशबोर्डची टॅब उघडी ठेवायची (बघायलाच पाहिजे असं नाही) आणि मग शंभर टक्के. खाणीत कॅनरी मेली की खाणकाम करणारे बाहेर पळायचे. आपल्याकडे कॅनरी मेली की 'सॅम्पल लहान होतं' म्हणून टक्का वाढवतात. पानाचं एचटीएमएल नव्या पॉडने दिलं आणि त्यातली जावास्क्रिप्टची फाइल मागायला ब्राउझर गेला जुन्या पॉडकडे, तर ४०४ आणि पांढरंफटक पान. युजरने रिफ्रेश करावं. नशीब असेल तर दोन्ही रिक्वेस्ट एकाच पॉडकडे जातील.

आता मुख्य मंत्र. डेटाबेसमधला बदल आणि कोडमधला बदल एकाच रिलीजमध्ये उरकून टाका.

बुधवारी हेच झालं. एका कॉलमचं नाव कुणाला तरी खटकलं. चुकीचं नव्हतं, 'वाचायला बरं वाटत नाही' एवढंच. म्हणून आधी स्क्रिप्ट चालवून नाव बदललं आणि मग रोलिंग अपडेट (थोडे थोडे पॉड बदलत जाणं) सुरू केलं. रोलिंग अपडेटमध्ये मुळात पंचवीस टक्के पॉड जास्तीचे उभे राहू शकतात आणि पंचवीस टक्के कमी असलेले चालतात, म्हणजे काही काळ जुना आणि नवा कोड एकाच टेबलावर चालणार, हे पहिल्या पानावर लिहिलेलं असतं. जुने पॉड जुनं नाव मागत होते, डेटाबेस म्हणत होता असा कॉलम नाही. हे दोन-तीन मिनिटं चाललं. ग्राफवर उंच सुळका आला. 'रिलीजच्या वेळी तेवढं होतंच' असं म्हणून रॉकेटं सोडण्यात आली.

रात्री दोनला नेहमीचा हिशेबाचा जॉब सुटला. त्याची इमेज वेगळी, ती कुणी बदललीच नव्हती. जुनं नाव, क्वेरी फेल, परत प्रयत्न, परत फेल. मला फोन. डोळे अर्धे मिटलेले, समोर रिलीजची नोट. 'रोलबॅक प्लॅन' (बिघडलं तर मागे कसं फिरायचं) या मथळ्याखाली एकच ओळ होती: रोलआउट अनडू चालवा. चालवलं. अनडू पॉडचं टेम्पलेट, म्हणजे कोड, मागे नेतो, कॉलमचं नाव मागे नेत नाही. हे मला माहीत आहे. दुपारी दोनला विचारलं असतंत तर मीच तुम्हाला सांगितलं असतं. रात्री सव्वादोनला मी नोटवर विश्वास ठेवला. आणि रेडिनेस प्रोब? तो वर सांगितला तसाच, डोळे मिटून २०० म्हणणारा. त्यामुळे मोडका जुना कोड एकेक करत सगळ्या पॉडवर बिनबोभाट चढला, सगळे पॉड हिरवेगार. तोवर फक्त एक जॉब पडला होता. माझ्या रोलबॅकनंतर सगळंच पडलं.

काय घडलं ते कळून परत नवं व्हर्जन वर आणेपर्यंत तीन वाजले. पुढचे अडीच तास मी मधल्या काळातल्या अर्धवट नोंदी एकेक उघडून हाताने जुळवत होते. एका कॉलमचं नाव वाचायला बरं वाटावं म्हणून.

नाही, आता उपरोध पुरे. मला जमत नाहीये.

अरे बाबांनो, ट्रॅफिक वळवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. सिलेक्टर, इंग्रेसवरचं वजन, गेटवेचा रूट, काहीही वापरा, एका मिनिटात वळतं. घोडं पेंड खातं ते दोन व्हर्जन एकत्र नांदतात त्या वेळात, आणि तो वेळ तुमच्या प्लॅनमध्ये कुठेही नसतो. १ ऑगस्ट २०१२ ला नाइट कॅपिटल या शेअर ट्रेडिंग कंपनीचं काय झालं ते माहीत आहे ना? आठ सर्व्हर, एकावर नवा कोड पोचलाच नाही, आणि नव्या कोडने एक जुना फ्लॅग (चालू-बंदची खूण) वेगळ्या अर्थाने परत वापरला होता. ४५ मिनिटांत ४० कोटी डॉलरहून जास्त रक्कम गेली. डॉकर तेव्हा बाहेरसुद्धा आला नव्हता. एकच फ्लॅग, दोन अर्थ, दोन्ही कोड एकाच वेळी चालू. तुमच्या कॉलमचंही तेच झालं, फक्त आकडा लहान होता.

नाव बदलायचंच होतं? नवा कॉलम जोडायचा. कोडने दोन्हींत लिहायचं. जुन्या नोंदी नव्यात भरायच्या. मग वाचणं नव्यावर न्यायचं. जुनं नाव कुणीच मागत नाही, त्या जॉबसकट कुणीच नाही, याची खात्री झाली की जुना कॉलम उडवायचा. चार-पाच छोटी रिलीज, आणि शेवटचं सोडून कुठूनही एक पाऊल मागे जाता येतं. कंटाळवाणं आहे, कबूल. यावर रॉकेट टाकता येत नाही. पण 'वेळ नाही' म्हणू नका. तुमचा अर्धा दिवस वाचला तो माझ्या रात्रीतून वाचला. रोलबॅक प्लॅन म्हणून जी ओळ लिहिता ती स्टेजिंगवर (चाचणीच्या सेटअपवर) एकदा तरी चालवून बघितली होती का? एकदा? नव्हती. मी विचारलं. 'तशी वेळ येत नाही सहसा' असं उत्तर मिळालं.

पुढचं रिलीज परत बुधवारी रात्रीच आहे. ऑन-कॉलच्या यादीत त्या आठवड्यापुढे रॉकेट टाकणाऱ्याचं नाव आहे. मी स्वतः घातलंय, आणि अलर्ट त्याच्या नंबरवर जातो की नाही हे दोनदा वाजवून पाहिलंय.