तो तर गेला ना, ताई

मे महिन्यात ताईने तिचा मुलगा चार दिवसांसाठी माझ्या ताब्यात दिला. सोबत तीन पिशव्या आल्या, एक क्रिकेटची बॅट आली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एकेचाळीस सूचना आल्या. शेंगदाणे नकोत, घसा धरतो. आंबा एका वेळी अर्धाच. मोबाईल अर्धा तास, तोही जेवताना नाही. लिफ्टमध्ये एकटा नाही, गॅलरीत एकटा नाही, पाण्याजवळ तर नाहीच नाही. वाचून झाल्यावर भाचा येतोय की फटाक्यांचा ट्रक रिकामा करून घ्यायचाय, तेच कळेना. एकेचाळिसावी सूचना भाऊजींची होती : ‘आम्ही कूर्गला आहोत. काही अडलं तर फोन कर. पण शक्यतो अडू देऊ नकोस.’

निघताना ताई लिफ्टपाशी थांबली. आवाज खाली आणून म्हणाली, ‘शाळेतून एक चिठ्ठी आली होती गं याच्याबद्दल...’ मग अथर्वकडे बघून, ‘जाऊ दे. आल्यावर सांगते.’ आणि लिफ्टचं दार लागलं.

एवढ्यावर काही बिघडलं नसतं. पण त्याच सकाळी मी वाचनालयातून हेन्री जेम्सचं ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ आणलं होतं. १८९८ सालचं पुस्तक, शे-सव्वाशे पानांचं. म्हटलं, नवरा ऑफिसच्या कामाने (आणि अगदी मुहूर्त काढून) पुण्याला गेलाय, पोर खेळेल, मी वाचेन. चार दिवसांत सव्वाशे पानं म्हणजे काय!

गोष्ट अशी. एका पाद्र्याची विशीतली मुलगी. पहिलीच नोकरी. इंग्लंडात एसेक्स परगण्यात ब्लाय नावाचा जुना वाडा आहे, तिथे आईबाप नसलेल्या दोन भावंडांना सांभाळायचं, शिकवायचं. अशा बाईला गव्हर्नेस म्हणत. तिला नोकरांत धरत नसत आणि पाहुण्यांतही बसवत नसत. (मावश्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.) मुलांचे काका लंडनला हार्ली स्ट्रीटवर ऐटीत राहणार आणि त्यांची अट एकच, काहीही होवो, मला कळवायचं नाही, मला त्रास द्यायचा नाही. मग थोरला मुलगा, जेमतेम दहाचा, शाळेतून घरी येतो. त्याच्याआधी हेडमास्तरांचं पत्र आलेलं असतं. याला परत पाठवू नका. कारण? दिलेलं नाही.

मी पुस्तक मिटलं आणि हॉलमध्ये बघितलं. जेमतेम दहाचा अथर्व सोफ्यावर पाय भिंतीला लावून उलटा लोंबकळत होता आणि तसाच उलटा माझ्याकडे बघून गोड हसला. पुस्तकातलाही असाच गोड हसतो.

त्यात आमच्या बिल्डिंगला रंग चालू होता. पावसाआधी उरकायचा म्हणून चारी बाजूंनी बांबूंची परांची आणि वरून हिरवी जाळी. त्यामुळे महिनाभर घरात भर दुपारीही शेवाळलेल्या विहिरीतल्यासारखा उजेड. वारा सुटला की काथ्या करकरे. ब्लायच्या वाड्याला काय वातावरण असेल ते असो, नौपाड्यात तिसऱ्या मजल्यावर ते सोसायटीने देखभाल खर्चातून करून दिलं होतं.

वाचन मात्र पुढे सरकेना. एक तर जेम्सचं वाक्य ठाण्याला चढतं आणि सीएसएमटीला उतरतं. मधे इतकी माणसं चढतात-उतरतात की आपला कर्ता मुलुंडलाच हरवतो आणि क्रियापद मस्जिदला सापडतं. त्यात दर कुर्ल्याला अथर्व. ‘मावशी, पाल आंधळी असते का?’ ‘मावशी, आपल्या घरात सगळ्यात जुनी वस्तू कोणती? तू सोडून.’ मी परत ठाण्याहून चढायचे.

आणि दुसरं म्हणजे समास. आमच्या आधी कोणी तरी हे पुस्तक पेन्सिल घेऊन वाचलं होतं. अक्षर मास्तरी, रेघा पट्टीने मारलेल्या. तिसऱ्याच प्रकरणात बाईला संध्याकाळी वाड्याच्या बुरुजावर एक अनोळखी माणूस उभा दिसतो. डोक्याला हॅट नाही, नुसता टक लावून बघतोय. माझ्या अंगावर काटा यायच्या बेतात होता, तेवढ्यात शेजारी पेन्सिल : ‘लक्षात ठेवा. बाईशिवाय कोणालाच भूत दिसत नाही. बाईच वेडी आहे.’

रहस्यकथेत तिसऱ्या प्रकरणात हे सांगणाऱ्या माणसाला काय शिक्षा असावी? मी तर म्हणते, त्याला लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढेपर्यंत बसवावं आणि मग उठवावं.

पुढे निळ्या बॉलपेनने कोणी तरी उलट जाब विचारला होता : ‘वेडी असेल तर त्याचे लाल कुरळे केस आणि दाढीचे कल्ले तिने हुबेहूब कसे सांगितले? मेलेल्या माणसाला तिने कधी पाहिलंच नव्हतं!’ खाली पेन्सिल : ‘गावात चौकशी केली असेल.’ बॉलपेन : ‘कधी? कोणत्या पानावर?’ आणि या सगळ्यावर लाल शाईत, तिरपं : ‘पुस्तकात लिहू नये. – ग्रंथपाल.’

इंग्रजी पुस्तकांच्या प्रस्तावना मी शेवटी वाचते, कारण प्रस्तावना लिहिणारे विद्वान शेवट पहिल्या परिच्छेदातच फोडतात. या वेळी फुटायचं काही उरलंच नव्हतं म्हणून आधी वाचली. तर कळलं की हे भांडण आमच्या वाचनालयापुरतं नाही. १९३४ साली एडमंड विल्सन नावाच्या अमेरिकन समीक्षकाने जाहीर केलं की भुतं नाहीतच, हा बाईच्या मनाचा खेळ आहे. तेव्हापासून पेन्सिलवाले आणि बॉलपेनवाले आजतागायत भांडताहेत, फक्त ते विद्यापीठातून पगार घेऊन.

मला वाटतं याचं कारण त्या भुतांतच आहे. आपल्याकडे कसं खातेवाटप झालेलं असतं. हडळ म्हणजे पाय उलटे. मुंजा पिंपळावर. गिऱ्हा पाण्यात. कोणाला नारळ, कोणाला लिंबू, कोणाला कोंबडं, सगळं ठरलेलं. जेम्सची भुतं काही मागतच नाहीत. नुसती उभी राहून बघतात. नुसतं बघणाऱ्याला काय उतरवून टाकणार?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळी, मी स्वयंपाकघरात कुकर लावत होते. अथर्व ओट्यापाशी उभा राहून नियमाप्रमाणे अर्धा आंबा खात होता. (दुसरा अर्धा त्याने दहा मिनिटांपूर्वी खाल्ला होता. ‘एका वेळी अर्धा’ या शब्दांतली फट त्याने पहिल्याच दिवशी शोधली होती.) मला उगीच वाटलं, कोणी तरी बघतंय. मान वर केली.

खिडकीच्या गजांपलीकडे, हिरव्या जाळीच्या अलीकडे, तिसऱ्या मजल्याच्या अधांतरी एक माणूस उभा. डोक्यावर हेल्मेट नाही. लांबट चेहरा. लालभडक केस, लालभडक दाढी. टक लावून बघत होता. माझ्याकडे नाही, पोराकडे.

पुस्तकात त्या बाईला इथेच साक्षात्कार होतो की हा आपल्यासाठी आलेला नाही, दुसऱ्याच कोणासाठी तरी आलाय. मी कुकरचं झाकण ढालीसारखं पुढे धरून अथर्वच्या आणि खिडकीच्या मधे उभी राहिले. चार-पाच सेकंद गेले असतील. कुकरमध्ये डाळीवर फेस चढत होता.

‘मॅडम, पानी मिलेगा?’ भूत म्हणालं. ‘आम बढ़िया है?’

मी बाटली दिली. अथर्वने त्याला आपल्या फोडीतली फोड दिली. भूत परांचीवर बसून आंबा खाऊन, कोय जाळीबाहेर न टाकता खिशात घालून वर चढून गेलं. मेंदी लावलेली होती हो दाढीला! मी स्वतःला हसले.

सकाळी शोभाताई भांडी घासायला आल्या तेव्हा मी त्यांना हसत हसतच सांगायला गेले. ब्लायच्या वाड्यात मिसेस ग्रोस म्हणून एक जुनी हाउसकीपर आहे. साधी, प्रेमळ, आणि स्वतःला काही दिसलेलं नसताना बाईच्या प्रत्येक शब्दाला मान डोलवणारी. शोभाताई अगदी तशा.

‘लाल दाढीवाला, लांब तोंडाचा?’ त्यांनी तारेची घासणी थांबवली. ‘तो तर गेला ना, ताई.’

‘गेला म्हणजे?’

‘गेला. सोमवारीच.’

‘अहो, पण काल संध्याकाळी मी त्याला पाणी दिलं!’

‘सोमवारीच गेला ताई तो,’ शोभाताई हळू म्हणाल्या आणि पदराने हात पुसत खिडकीकडे बघायला लागल्या.

पुस्तकात मिसेस ग्रोस याच ठिकाणी अगदी हेच सांगते, तो गेला म्हणून. बाई विचारते, कुठे गेला? तर गेला म्हणजे मेला. तिथे इंग्रजीला थोडी खटपट करावी लागली आहे. मराठीत ‘गेला’ म्हटलं की गावाला आणि वर अशी दोन्ही तिकिटं एकदमच निघतात.

त्या दिवशी सूचना क्रमांक बेचाळीस ते पन्नास मी माझ्या मनाने वाढवल्या. खिडक्या बंद. पडदे ओढलेले. मे महिना, ठाणे, पंखा पाचवर. आम्ही दोघं घामाने निथळत सापशिडी खेळलो.

रात्री अथर्व झोपेना, म्हणून त्याला पुस्तकातलीच गोष्ट सांगितली, जरा सौम्य करून. जेम्सबद्दल एक मजेदार हकिकत आहे. मनगट दुखत होतं म्हणून त्याने ही कथा एका स्कॉटिश लघुलेखकाला तोंडी सांगून उतरवून घेतली. म्हटलं, हा पहिला श्रोता, जगाला किती भीती वाटेल ते याच्या तोंडावर दिसेल. तर तो स्कॉट पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ढिम्म. जेम्सने याची तक्रार नंतर बोलून दाखवली होती. तो स्कॉट पुढे कुठे जन्मला, हे मला त्या रात्री कळलं. मी आवाज घोगरा करून बुरूज उभा केला, माणूस उभा केला, थांबले. अथर्व म्हणाला, ‘मग?’ मी तळं आणलं, पलीकडच्या काठावर काळ्या कपड्यातली बाई आणली. ‘मग?’ मग काही नाही, ती बघते. ‘त्यांच्याकडे वायफाय होतं का?’ आणि झोपला.

मी जागी. अडीचच्या सुमाराला बांबू करकरले. मी उठून स्वयंपाकघरात गेले, पडदा बाजूला केला आणि त्या हिरव्या अंधाराला ठणकावून विचारलं, ‘कोण आहे? जो असशील तो समोर ये!’ कोणी आलं नाही. वळले तर दारात पाण्याची बाटली घेऊन अथर्व.

‘कोणाशी बोलतेस?’

‘कोणाशी नाही. झोप.’

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. नुसता बघत.

चौथ्या दिवशी घरात बसवेना. सूचना मोडून त्याला तलावपाळीवर नेलं. मासुंद्याच्या काठाने पोरं, फुगे, भेळ, होड्या, सगळं यथास्थित. कठड्यावर बसलो. पुस्तकात तळ्याकाठचा प्रसंग असाच आहे. धाकटी मुलगी पाण्याकडे पाठ करून लाकडाच्या दोन तुकड्यांची होडी करत बसलेली असते. पलीकडे कोणी तरी आलंय, आणि पोरीला ते माहीत आहे, आणि ती मुद्दाम वळत नाही. मला हे आठवलं कारण अथर्वने अचानक पाण्याकडे पाठ केली होती आणि आइस्क्रीमच्या काडीने दुसऱ्या काडीत भोक पाडायला घेतलं होतं. अतिशय मन लावून.

मी हळूच वर बघितलं. पाण्यापलीकडे काळ्या पंजाबी ड्रेसमधली एक बाई. हालचाल नाही. थेट आमच्याकडे बघत होती.

‘अथर्व, तिकडे कोण आहे?’

‘कोणी नाही.’

‘तू बघितलंस कुठे?’

‘नाहीच आहे कोणी.’ कान लाल.

आता मात्र मी त्याला कवेत घेतलं. गच्च. पुस्तकात ती बाई शेवटी मुलाला अशीच घट्ट धरते. पुढचं मी सांगणार नाही, समासात लिहिणाऱ्यांतली मी नाही. आमच्याकडे पुढे एवढंच झालं की मिठीतून गुदमरलेला आवाज आला, ‘मावशी सोड, त्या आमच्या मिस आहेत!’

मिस तोवर वळसा घालून आमच्या दिशेने निघाल्या होत्या. हातात भेळ. एवढ्या वेळात पोराने कबुलीजवाब दिला. वर्गात त्याने सांगितलं होतं की मिसना घर नाही. त्या शाळेतच राहतात, प्रयोगशाळेत, सांगाड्याशेजारी झोपतात. कारण त्या सकाळी सगळ्यांच्या आधी असतात आणि संध्याकाळी सगळ्यांच्या नंतरही असतात. पुरावा बिनतोड. परिणामी आठवड्याभरात मिसच्या टेबलावर दोन डबे, एक चादर, मच्छरची अगरबत्ती आणि एका दयाळू मुलीच्या आजीची उशी जमा झाली. चिठ्ठी त्याबद्दल होती.

‘कोणाकोणाला सांगितलंस रे?’

‘तिघांनाच. जे मला आवडतात त्यांना.’ मग काठाकडे बघत, खऱ्याखुऱ्या भीतीने, ‘पण मावशी, मिस बाहेर कशा आल्या?’

मिस फार चांगल्या निघाल्या. उशी अजून शाळेतच आहे म्हणाल्या, मधल्या सुट्टीत उपयोगी पडते.

घरी आलो तर स्वयंपाकघराच्या खिडकीत एक नाही, दोन लाल दाढ्या. गेलेला भाऊ गावाहून परत आला होता, राहिलेला काम करतच होता. दोघं एकाच वाटीतली मेंदी लावतात. अथर्वने दोघांना अर्धा अर्धा आंबा दिला. एका वेळी अर्धाच.

रात्री ताईचा कूर्गहून फोन. आवाज जपून, आजाऱ्याशी बोलल्यासारखा. ‘तू बरी आहेस ना गं? झोप वगैरे लागते ना? नाही, अथर्वचा फोन आला होता. म्हणाला, मावशी खिडक्या बंद करून बसते. रात्री अंधाराशी बोलते. तळ्यावर एकदम किंचाळल्यासारखं करून मला दाबून धरलं.’

मी फोन ठेवला. अथर्व उलटा लोंबकळत होता.

‘हे कोणाकोणाला सांगितलंस?’

‘जास्त जणांना नाही,’ तो म्हणाला आणि बोटांवर मोजायला लागला. ‘आई, बाबा, आजी, शोभाताई, मिस. आणि खिडकीतले दोन्ही काका.’